चकाकीची नावे : इंग्लंडमधील रेशमी वस्त्रनामे आणि मध्य भारतातील ‘कोसा’

कापडांच्या नावांचा विचार सामान्यतः वस्त्रोद्योगाच्या इतिहासात किंवा शब्दकोशाच्या प्रस्तावनेत होतो. साहित्याच्या अभ्यासकाचा या नावांशी संबंध येतो तो बहुधा तळटीप लिहिण्यापुरता. परंतु भाषांतराच्या वेळी ही तळटीप पुरत नाही. ऑलिव्हर गोल्डस्मिथ याच्या ‘द व्हिकार ऑफ वेकफील्ड’ (१७६६) या कादंबरीत धर्मोपदेशकाची पत्नी संपत्ती गेल्यानंतरही आपल्या किरमिजी ‘पॅडुअसॉय’चा मोह सोडत नाही, कारण तो तिला शोभतो असे नवरा कधीकाळी बोलून गेलेला असतो. मराठी भाषांतरकाराने तेथे ‘रेशमी झगा’ असे लिहिले, तर अर्थ चुकत नाही. पण त्या जाड, भारी आणि एव्हाना जुन्या वळणाच्या वाटू लागलेल्या कापडात गुंतलेला विनोद व करुण भाव दोन्ही निसटतात. उलट दिशेने, ‘मुकटा’ या शब्दासाठी इंग्रजीत ‘रेशमी धोतर’ असा अर्थ दिला, तर वस्तू कळते आणि सोवळे हरवते.

प्रस्तुत लेखात इंग्लंडमधील चकाकणाऱ्या रेशमी कापडांची नावे आणि मराठीत व मराठीच्या उत्तर सीमेवर, म्हणजे जबलपूर–नागपूर पट्ट्यात, रूढ असलेली नावे यांचा एकत्र विचार केला आहे. या विचाराच्या मुळाशी एक साधी धारणा आहे. कापडाला नाव मिळण्याच्या जागा चार : रान, माग, बाजार आणि अंग. कोशाच्या उत्पत्तीवरून, विणण्याच्या क्रियेवरून, विक्रीच्या वा आयातीच्या ठिकाणावरून आणि नेसण्याच्या नियमांवरून नावे पडतात. एखाद्या भाषेत यांपैकी कोणत्या जागेवरची नावे टिकली, यावरून त्या समाजाची त्या वस्तूशी असलेली जवळीक किंवा दुरावा मोजता येतो.

१. चकाकीचे उगम

नावांकडे वळण्यापूर्वी चकाकी कोठून येते हे पाहणे अगत्याचे आहे. तुतीच्या पानांवर वाढणाऱ्या किड्याच्या रेशमाचा तंतू आडव्या छेदात जवळजवळ त्रिकोणी असतो. त्यावरचा डिंकासारखा थर उकळून काढला की त्रिकोणाच्या सपाट बाजूंवरून प्रकाश परावर्तित होतो. ही तंतूची चकाकी होय. दुसरी चकाकी विणीची. अतलस किंवा साटीण यांच्या विणीत धागा अनेक धाग्यांवरून मोकळा सोडलेला असतो, त्यामुळे कापडाची एक बाजू गुळगुळीत व तुळतुळीत होते. तिसरी चकाकी संस्काराची : विणून झालेले कापड ताणून, त्याला खळ वा डिंक लावून, उष्णतेने वाळवून आणलेली. किनखाबाची चकाकी चौथ्या प्रकारची. ती मुख्यतः जरीची, म्हणजे धातूची असते.

हा भेद भाषेच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. तंतूची चकाकी कापडाबरोबर राहते, संस्काराची चकाकी पाणी लागले की जाते. इंग्लंडमध्ये ज्या कापडाला चकाकीवरूनच नाव मिळाले, त्याची चकाकी नेमकी या तिसऱ्या, म्हणजे सर्वांत नाजूक प्रकारची होती.

२. इंग्लंड : बंदरावर पडलेली नावे

ते कापड म्हणजे ‘लस्ट्रिंग’. साध्या विणीचे, पातळ, तकाकी दिलेले हे रेशमी कापड. नावाचे मूळ फ्रेंच व इटालियन शब्दांतून ‘उजळणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपर्यंत जाते. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात या शब्दाचे एक दुसरे रूप रूढ झाले : ‘ल्यूटस्ट्रिंग’, म्हणजे शब्दशः ल्यूट या तंतुवाद्याची तार. कापडाचा वाद्याशी काहीही संबंध नव्हता. परका शब्द कानाला ओळखीचा करून घेण्याची ही लौकिक व्युत्पत्तीची प्रक्रिया होती. ‘उजळलेले’ हा मूळ अर्थ लोपला आणि तारेची प्रतिमा मागे राहिली.

या नावामागे राजकारणही होते. १६८५ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईने प्रॉटेस्टंटांना संरक्षण देणारे नांतचे फर्मान रद्द केले. त्यानंतर ह्यूगनो विणकर मोठ्या संख्येने इंग्लंडमध्ये आले आणि लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात रेशीम विणण्याचा व्यवसाय भरभराटीला आला. १६९२ मध्ये ‘रॉयल लस्ट्रिंग कंपनी’ला सनद मिळाली, ‘लस्ट्रिंग’ आणि ‘आलामोड’ ही आतापर्यंत फ्रान्समधून येणारी कापडे इंग्लंडमध्येच विणावीत, हा तिचा हेतू होता. ‘आलामोड’ या पातळ काळ्या रेशमाचे नाव तर ‘चालू रीतीचे’ एवढेच सांगते. म्हणजे ते वस्तूचे नाव नव्हतेच, केवळ तिच्या फॅशनचे होते. फ्रान्समधून ही कापडे चोरून आणल्याच्या प्रकरणात १६९८ मध्ये काही व्यापाऱ्यांवर संसदेत महाभियोग चालवण्यात आला. कापड इंग्लंडात विणले जाऊ लागले तरी नाव मात्र फ्रेंचच राहिले, कारण गिऱ्हाईक त्या नावाचीच किंमत मोजत होते.

इतर नावेही याच वळणाची आहेत. ‘सार्सनेट’ हे मऊ अस्तराचे रेशीम ‘सारासेन’ या, युरोपीयांनी अरबांना दिलेल्या नावावरून आले. ‘डमास्क’ दमास्कसवरून आणि ‘टॅबी’ बगदादमधील अत्ताबी मोहल्ल्यावरून आले. ‘सॅटिन’चे मूळ चीनमधील च्वानचौ बंदराच्या ‘झैतून’ या अरबी नावात असल्याचे बहुतेक कोशकार मानतात; काहींच्या मते ते लॅटिनमधील रेशीमवाचक शब्दाकडे जाते. गोल्डस्मिथच्या कादंबरीतील ‘पॅडुअसॉय’ची कथा अधिक उद्बोधक आहे. मूळ फ्रेंच नाव ‘पू द स्वा’ असे. इंग्रज कानांनी त्यात इटलीतील ‘पादुआ’ हे शहर ऐकले आणि ज्या कापडाचा त्या शहराशी मुळात संबंध नव्हता त्याला कायमचा पत्ता मिळाला. ‘ल्यूटस्ट्रिंग’मध्ये वाद्य ऐकू आले, येथे गाव. ज्या वस्तूची उत्पत्ती डोळ्यांनी पाहिलेली नाही तिच्या नावाला आधार शोधण्याची गरज दोन्हींत सारखीच आहे.

‘टॅफेटा’ हे नाव या सर्वांत निराळे. ते फार्सी ‘ताफ्ता’वरून आले, आणि ज्या ‘ताफ्तन’ क्रियापदापासून ‘ताफ्ता’ बनला त्यात ‘पीळ देणे’ आणि ‘चमकणे’ हे दोन्ही अर्थ आहेत. माग आणि चकाकी यांना एकाच शब्दात बांधणारे हे नाव चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरच्या काव्यात वैद्याच्या झग्याच्या अस्तरासाठी आले आहे. दोन शतकांनी शेक्सपिअरच्या ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’मध्ये हाच शब्द नटव्या, अलंकारिक भाषेला दूषण देण्यासाठी वापरला गेला. विणकराच्या क्रियेचा अर्थ इंग्रजीत पोहोचला नाही. पोहोचला तो दिखाऊपणाचा अर्थ.

या सर्व उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. इंग्रजीतील चकाकत्या रेशमांची प्रतिष्ठित नावे प्रामुख्याने बाजाराच्या जागेवर, आणि त्यातही बंदरावर पडलेली आहेत. रेशमाचा किडा इंग्लंडच्या हवेत किफायतशीरपणे वाढला नाही. पहिल्या जेम्स राजाने सतराव्या शतकाच्या प्रारंभी तुतीची झाडे लावून केलेला प्रयत्नही साधला नाही. साहजिकच रानातले नाव त्या भाषेत जन्मले नाही.

३. मराठी : अंगावर पडलेली नावे

मराठीतही परक्या नावांचा भरणा कमी नाही. ‘रेशीम’ हा शब्दच फार्सी. ‘मखमल’ अरबी, लव असलेले या अर्थाचा. ‘अतलस’ हाही अरबी, गुळगुळीत या अर्थाचा. हेच नाव ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारातून इंग्रजीतही गेले होते. ‘साटीण’ युरोपीय भाषांतून आली. म्हणजे अतलस आणि साटीण ही एकाच प्रकारच्या विणीची दोन नावे मराठीत दोन वाटांनी, दोन राजवटींच्या काळात दाखल झाली, आणि दोन्ही राहिली. सतराव्या शतकात शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रचलेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’ने फार्सी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, तरी बाजारात आणि जामदारखान्यात किनखाब व मखमल हेच शब्द टिकले. वस्तूबरोबर आलेले नाव हुकुमाने जात नाही.

लौकिक व्युत्पत्तीही येथे आहे. ‘किनखाब’ची फोड फार्सीच्या आधारे ‘कम’ आणि ‘ख्वाब’ अशी करून ‘ज्याच्या खरखरीतपणामुळे झोप येत नाही ते कापड’ किंवा ‘जे स्वप्नातही क्वचित दिसते ते’ असे अर्थ सांगितले जातात. अभ्यासकांनी या नावाचे मूळ ‘सोने’ या अर्थाच्या चिनी शब्दात शोधले आहे. इंग्रजीने ‘किंकब’ असे रूप करून तो शब्द घेतला आणि त्यातील झोप व स्वप्न दोन्ही सोडून दिली. ‘ल्यूटस्ट्रिंग’ आणि ‘किनखाब’ यांची तुलना येथे बोलकी ठरते. इंग्रजी कल्पनेने परक्या नावात घरातली वस्तू ऐकली. भारतीय-फार्सी कल्पनेने त्यात अंगाला होणारा अनुभव ऐकला.

हा अंगाचा संदर्भ मराठी वस्त्रनामांत वारंवार येतो. ‘मश्रू’ हा अरबी शब्द, ‘शरियतने मान्य केलेले’ या अर्थाचा. इस्लामी परंपरेत पुरुषाने शुद्ध रेशीम अंगाला लावू नये असा दंडक होता. त्यावर विणकरांनी उपाय शोधला तो असा : आतली बाजू सुती, बाहेरची रेशमी, आणि वीण अतलसाची. चकाकी जगाकडे, सूत अंगाकडे. पैठण व औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथे हे कापड विणले जात असे. हे नाव ना गाव सांगते ना पोत. ते अनुज्ञा सांगते.

हिंदू सोवळ्याचा नियम याच्या नेमका उलट. तेथे सूत एकदा नेसले की धुतल्यावाचून चालत नाही, पण रेशीम पवित्र मानले जाते आणि ते थेट अंगालाच हवे. ‘मुकटा’, ‘कद’, ‘पीतांबर’ ही नावे या वापराशी जोडलेली आहेत. पीतांबर मूळचा विष्णूचा पिवळा वस्त्रविशेष. पुढे सोवळ्याच्या रेशमी वस्त्राला पीतांबर म्हणता म्हणता रंग मागे पडला आणि ‘लाल पीतांबर’ असा प्रयोगही कोणास खटकेनासा झाला. एकाच बाजारात, कदाचित एकाच कोष्ट्याच्या घरी, विणलेली दोन कापडे दोन धर्मनियमांमुळे दोन विरुद्ध नावे धारण करीत. दोन्हींसाठी इंग्रजीत ‘सिल्क’ लिहिणे हे भाषांतर अचूक आहे, आणि म्हणूनच फसवे आहे.

४. जबलपूर : ‘टसर’ आणि ‘कोसा’ यांची सीमा

जबलपूर हे रेशमाच्या विणकामाचे प्रसिद्ध केंद्र नव्हे. या विवेचनात त्याचे महत्त्व आहे ते भाषांच्या सीमेवरील शहर म्हणून. १७८१ मध्ये मंडल्याच्या गोंड राजवंशाचा शेवट झाल्यावर हा मुलूख सागरच्या मराठी अमलाखाली आला; १७९८ मध्ये नर्मदेचे खोरे नागपूरकर भोसल्यांकडे गेले; १८१८ मध्ये तेथे इंग्रजी अंमल बसला. १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना होऊन नागपूर ही राजधानी आणि जबलपूर हे एका विभागाचे मुख्य ठाणे झाले. १८७० मध्ये मुंबई व कलकत्ता यांना जोडणारा लोहमार्ग जबलपूरला पूर्ण झाला. जवळजवळ शतकभर, १८६१ पासून १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत, नागपुरी मराठी आणि महाकोशलची हिंदी या एकाच राजकीय छायेत नांदल्या. त्यांच्या सामाईक शब्दसंपत्तीत कापडाचा एक शब्द आहे : ‘कोसा’.

पुण्याकडील मराठीत ज्याला ‘टसर’ म्हणतात त्याला विदर्भात, महाकोशलात आणि छत्तीसगडात ‘कोसा’ म्हणतात. वस्तू एकच. ऐन (हिंदीत साजा) आणि अर्जुन या झाडांच्या पानांवर वाढणाऱ्या रानटी किड्याचे ते रेशीम. त्याचा तंतू तुतीच्या रेशमाहून जाड व चपटा असतो. रंग मधासारखा तपकिरी असतो आणि चकाकी मंद. भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत ढीवर समाजाकडे किडे वाढवण्याची परंपरा आहे. झाडावरच्या अळ्या पक्ष्यांपासून व मुंग्यांपासून राखाव्या लागतात. कोश उकळून धागा काढण्याचे आणि पूर्वी तो मांडीवर वळण्याचे काम स्त्रिया करीत; विणण्याचे काम कोष्टी करीत.

दोन्ही नावांची मुळे वेगवेगळ्या जागी आहेत. ‘टसर’चा संबंध संस्कृत ‘तसर’ म्हणजे धोटा याच्याशी जोडला जातो. धोट्याला तसर म्हणणारा प्रयोग ऋग्वेदाइतका जुना आहे. ‘कोसा’ हा ‘कोश’ शब्दाचा वंशज. रेशमी वस्त्रासाठी ‘कौशेय’ हा शब्द कोशावरून साधण्याची तरतूद पाणिनीच्या व्याकरणातच आहे. म्हणजे टसर हे मागावरचे नाव आणि कोसा हे रानातले. जेथे झाड, किडा आणि कोश रोजच्या नजरेसमोर होते तेथे रानातले नाव राहिले. जेथे कापड विणून तयार होऊनच पोहोचत होते तेथे मागाचे नाव गेले. ‘कोष्टी’ या जातिनामाचाही कोशाशी संबंध जोडला जातो. जबलपूरलगतच्या मुडवारा-कटनीचे रायबहादूर हिरालाल यांच्या साहाय्याने आर. व्ही. रसेल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातील जातिजमातींवर चार खंडांचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात विणकर जातींचा असा नामविचार आढळतो. ‘महाकोशल’ या प्रदेशनामाशी कोशाची सांगड घालण्याचा मोहही होऊ शकतो. पण ध्वनिसाम्य हा पुरावा नव्हे, आणि ‘पादुआ’चे उदाहरण याबाबतीत सावध करण्यास पुरेसे आहे.

मराठी वाचकाला या शब्दकुलाचा साहित्यिक परिचय भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीच्या शीर्षकातून आहे. सुधाकर मराठे यांच्या इंग्रजी अनुवादाचे शीर्षक ‘ककून’ असे आहे. प्रतिशब्द योग्यच, परंतु इंग्रजी शब्द फ्रेंचमधून, ‘कवच’ या अर्थाच्या शब्दापासून आलेला आहे. इंग्रजी वाचकाला त्यात बाहेरून पाहिलेले आवरण दिसते. ‘कोसला’ या शब्दाला मात्र कोश, कोसा आणि कौशेय यांचे गणगोत आहे. धागा काढण्यासाठी उकळला जाणारा कोशही त्यात आहे.

कोशाच्या कापडाचा मान चकाकीत नाही. तो सोवळ्यात आहे, टिकाऊपणात आहे आणि काठात आहे. विदर्भातील कोशाच्या साडीचा ‘करवती’ काठ करवतीच्या दात्यांवरून ओळखला जातो. येथेही नाव कारागिराच्या डोळ्याने, रोजच्या अवजारावरून पडले आहे.

५. ‘टसोर’ : नावाचा उलटा प्रवास

इंग्लंडने हे कापड घेतले ते ‘टसोर’ किंवा ‘टसर’ या नावाने. ‘कोसा’ हे नाव इंग्रजीत रूढ झाले नाही. १७०० च्या कायद्याने, २९ सप्टेंबर १७०१ पासून, इराण, चीन व हिंदुस्थान येथील विणलेली रेशमे इंग्लंडमध्ये वापरण्यास बंदी होती. १७६६ मध्ये परदेशी रेशमावरची बंदी अधिक व्यापक झाली आणि ती १८२६ मध्ये उठली. १८६० च्या फ्रान्सबरोबरील व्यापारी करारानंतर फ्रेंच रेशीम करावाचून येऊ लागले आणि स्पिटलफील्ड्सच्या मागांना उतरती कळा लागली. अशा काळात हिंदुस्थानातील रानटी रेशमाकडे इंग्रज उद्योजकांचे लक्ष गेले. १८६६ मध्ये जे. फोर्ब्स वॉटसन यांनी हिंदुस्थानी कापडांचे सातशे नमुने अठरा खंडांत चिकटवून इंग्लंड व हिंदुस्थानातील केंद्रांना पुरवले होते. हिंदुस्थानी गिऱ्हाइकाची आवड इंग्रज कारखानदाराला कळावी हा त्यामागील उद्देश.

टसरचा तपकिरी रंग घालवणे व त्यावर दुसरा रंग चढवणे हे अवघड काम होते. स्टॅफर्डशायरमधील लीक गावचे रंगारी टॉमस वॉर्डल (१८३१–१९०९) यांनी वर्षानुवर्षे प्रयोग करून ते साधले. विल्यम मॉरिस यांनी वनस्पतिज रंगांचे प्रयोग केले ते याच वॉर्डल यांच्या रंगशाळेत. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात वॉर्डल यांची रंगवलेली व छापलेली टसरची कापडे मांडली गेली. १८८१ मध्ये हिंदुस्थानातील रानटी रेशमांवरील त्यांचे पुस्तक निघाले. लंडनमध्ये १८७५ साली सुरू झालेल्या लिबर्टीच्या दुकानात पौर्वात्य रेशमांबरोबर अशी कापडेही विकली गेली.

येथे अर्थाचे स्थित्यंतर लक्षणीय आहे. मध्य भारतात सोवळ्याचे आणि मंगलकार्याचे असलेले वस्त्र इंग्रजीत आधी ‘रानटी’ आणि ‘खडबडीत’ या विशेषणांनी ओळखले गेले, मग कलाप्रेमी मध्यमवर्गाचे झाले, आणि पुढे उष्ण देशांतील साहेबाच्या उन्हाळी सुटाचे. इंग्रजी कथावाङ्मयात टसोरचा सूट आला की वाचकाला वसाहतीचे ऊन दिसते. देवघर दिसत नाही. लस्ट्रिंगच्या परंपरेत वाढलेल्या दृष्टीला चकाकी हेच रेशमाचे लक्षण वाटत होते, म्हणून मंद तेजाच्या या रेशमात तिने प्रथम उणीव पाहिली आणि रंगाने ती भरून काढली. कोसा नेसणाऱ्यांना ती उणीव वाटत नव्हती.

६. निष्कर्ष

वरील विवेचनातून तौलनिक अभ्यासासाठी तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, वस्त्रनामांची तुलना करताना प्रतिशब्दाला प्रतिशब्द लावण्यापूर्वी ते नाव रान, माग, बाजार व अंग यांपैकी कोठे पडले हे पाहावे. ‘सार्सनेट’ला मराठी प्रतिशब्द नाही, कारण ते बाजाराचे नाव आहे; ‘मुकटा’ला इंग्रजी प्रतिशब्द नाही, कारण ते अंगाचे नाव आहे. दुसरी, लौकिक व्युत्पत्ती चुकीची म्हणून टाकून देऊ नये. ‘ल्यूटस्ट्रिंग’, ‘पॅडुअसॉय’ आणि ‘किनखाब’ यांतील चुका वस्तूविषयी काही सांगत नाहीत, पण ऐकणाऱ्या समाजाविषयी बरेच सांगतात. तिसरी गोष्ट भाषांतराच्या नीतीची आहे. एका वस्तूच्या अनेक नावांतून एक नाव जागतिक होते तेव्हा बाकीची नावे ‘बोलीतील’ ठरतात. टसर कोशात मानाने बसला आणि कोसा प्रांतिक झाला. पण किडा राखणाऱ्या ढीवराचे आणि धागा वळणाऱ्या स्त्रीचे श्रम ज्या नावात आहेत ते नाव कोसा हेच आहे. विदर्भ-महाकोशलातील लेखनाचे भाषांतर करताना, किंवा प्रमाण मराठीत संपादन करताना, ‘कोसा’ खोडून ‘टसर’ लिहिणे ही वरवर निरुपद्रवी दिसणारी दुरुस्ती आहे. तिने कापड बदलत नाही, पण ते कोणाच्या हातून आले याची खूण पुसली जाते. ती खूण जपणे हे संपादकाचे आणि भाषांतरकाराचे काम आहे.